थिनची सॅक

हनोईतल्या गजबजलेल्या गल्लीत थोआबाई मेलेल्या माणसांसाठी जाळायच्या कागदी वस्तू बनवायच्या. सदरे, चपला, अगदी मोबाइलसुद्धा. आज दुकानापुढे रेंगाळणाऱ्या एका परदेशी पोरीला त्यांनी पाठमोरं उभं केलं आणि तिच्या पाठीवरची सॅक पट्ट्या-बकलांसकट निरखून घेतली. पोरीला वाटलं, आपलं कौतुकच चाललंय. ती हसत उभी राहिली.

संध्याकाळी लेकाच्या, थिनच्या, फोटोपुढे तशीच हुबेहूब कागदी सॅक बघून नवरा भडकला.

"अगं, हॉटेलात पाहुण्यांची असलीच ओझी जिन्यावरून वाहून पोराची पाठ वाकली. आता मेल्यावरही त्याच्या पाठीवर तेच देतेस?"

थोआबाईंनी काडी ओढली.

"ती ओझी लोकांची होती हो. हिच्यात त्याचे कपडे भरलेत."