न्हाणीतली दांडी

शेजारच्या आक्काताईचे दोन्ही लेक, दोन्ही सुना एकाच घरात. एकट्या राहणाऱ्या बनुबाईला त्या भरल्या घराचा आधीच हेवा. त्यात पंचायतीनं, म्हातारी माणसं घसरू नयेत म्हणून, आक्काताईच्या न्हाणीत स्टीलची दांडी बसवली. बनुबाईनं ती गदागदा हलवून बघितली. हालेना.

"हिलाच का गं?" तिनं दांडी न सोडताच आशा वर्कर रूपालीला विचारलं.

"आवं आजी, आधी तुमालाच इचारलं हुतं, घरात कुणाचा आधार हाय का? तुमी म्हणाला, हाय की, पुण्याला दोन पोरं हायत."

"आन् ही काय म्हणाली?"

"न्हाई म्हणाल्या."

बनुबाईचा हात दांडीवरच थांबला.

"मग माझ्या नावापुढंबी न्हाईच लिव, बाई."