कुणालाच ठाऊक नसलेली वाट

क्यालोने एकाच दुकानातून दोन पुस्तकं आणली होती. एकात बायकामुलांना घेऊन भटकायच्या डोंगरवाटा होत्या, दुसऱ्यात साध्या नोकरदाराने कुठले शेअर घ्यावेत ते. दुसऱ्याचं ऐकून, किटेंगेलाच्या प्लॉटसाठी साठवलेले सगळे पैसे त्याने कालच एका कंपनीत घातले. आज पहिलं पुस्तक काखोटीला मारून तो बायको मुथेउ आणि लेक म्वेंदे यांना न्गाँगच्या डोंगरावर घेऊन आला होता.

“या वाटेचा अख्ख्या नैरोबीत कुणाला पत्ता नाही, असं लिहिलंय,” तो ऐटीत म्हणाला.

वळण घेतलं तर समोर ही भली मोठी रांग. कणसं भाजणाऱ्या बायकांनी शेगड्या मांडलेल्या, पोरं किरकिरतायत आणि जवळपास प्रत्येक बापाच्या हातात तेच पुस्तक. पुढच्याने वळून क्यालोच्या पुस्तकाकडे पाहिलं आणि ओशाळं हसून स्वतःचं पाठीमागे लपवलं.

मुथेउ एका दगडावर टेकली. बुटात गेलेला खडा तिने सावकाश काढला.



“म्वेंदेचे बाबा, आपण प्लॉटचे पैसे घातलेत ती कंपनीसुद्धा अजून कुणालाच माहीत नाही, असंच लिहिलं होतं ना?”