खुणेचा दगड

दिवसभर पर्यटकांना धबधबे आणि लाव्ह्याची माळरानं दाखवून हाल्दोरनं बस शेवटी मावशीच्या घराजवळच्या तळ्याकाठी आणली. इथल्या, खालच्या ज्वालामुखीच्या धगीनं गरम झालेल्या वाळूत भिजवलेल्या पिठाचा डबा पुरायचा, वर खुणेचा दगड ठेवायचा, की दुसऱ्या दिवशी राय नावाच्या धान्याचा पाव तयार. स्टेइनून मावशी घरातून लोणी घेऊन येईपर्यंत हाल्दोरनं एक दगड सारून डबा उकरलासुद्धा.

आत नुसता कोळसा!

"मावशे, काढायला विसरलीस ना? म्हातारी झालीस गं!" प्रवासी खदखदून हसले.

मावशीनं डबा पाहिला, मग सारलेला दगड पाहिला. "हाल्दोर, सगळ्यांना बसमध्ये बसव. लवकर."

"अगं, पण झालं काय?"

 

"कालचा डबा त्या पलीकडच्या दगडाखाली आहे. हा उद्याचा. तुझी बस वळणावर दिसली, तेव्हा पुरलाय मी."