दारावरची पाटी

माझ्या पाळणाघराच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी आहे : ‘सर्दी-ताप असलेल्या मुलाला आणू नये.’ पालकांना ती फार आवडते, कारण ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी आहे याची प्रत्येकाला खात्री आहे.

आज छोटीची आई आली ती तणतणतच.

“ताई, तीन दिवस पोर कान धरून रडतेय! डॉक्टर म्हणाले, आधी सर्दीचा विषाणू, मग त्यातूनच कान. इथं तर सगळ्याच पोरांची नाकं वाहताहेत. आजारी मूल आणून सोडणाऱ्यांना जनाची नाही, निदान मनाची तरी?”

“अगदी माझ्या मनातलं बोललात,” मी म्हटलं आणि कपाटातून तापाच्या औषधाची बाटली काढून तिच्या हातात ठेवली. मागच्या सोमवारी ती छोटीच्या पिशवीतून चुकून इथं आली होती, मी काढून ठेवली होती. त्या दिवशी सगळ्या पोरांत पहिली शिंकली होती छोटीच. बाटलीवर छोटीच्या बाबांसाठी चिकटवलेली चिठ्ठी अजून तशीच होती, अक्षर आईचं :


‘सातला पाज, आठपर्यंत अंग गार होतं. मग लगेच सोडून ये. ताईंना काही कळत नाही.’