मदिनाबीचं वाचन

मदिनाबीनं पान उलटलंच नाही, वाचन मात्र पुढच्या पानावर गेलं.

नव्या पंचायत समितीतून परीक्षा घ्यायला आलेले विस्तार अधिकारी समोर टेबलाशी बसले होते. पुस्तक तिच्या हातात, त्यामुळं त्यांना काही दिसायचं कारण नव्हतं. तिच्या मागं उभ्या असलेल्या शिक्षिका महानंदाबाईंना दिसलं. पुस्तकात विहिरीचं चित्र होतं आणि मदिनाबी बैलांचा धडा म्हणत होती, ओळीवर बोट फिरवत, अंग जरा पुढंमागं हलवत. लहानपणी मौलवीसाहेबांपुढं कुराणाचा सिपारा म्हणताना लागलेली ती सवय. कुठं अडखळणं नाही की दम घेणं नाही.

"वा," साहेब म्हणाले. "ही तर सगळ्यांत सरस."

चावडीतल्या बायका हसल्या. साक्षरता वर्गातल्या सोळा जणींनी सकाळपासून अक्षराला अक्षर जोडत घाम गाळला होता, आणि ही बांगड्या विकणारी सतरावी बाई घडाघडा सुटली होती. ही पास झाली की गाव साक्षर. मग रविवारी गावाचा गौरव, नारळ, लेझीम. सरपंच कल्याणप्पांनी मंडपवाल्याला सांगूनसुद्धा ठेवलं होतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

महानंदाबाईंचंही काम होणार होतं. त्यांची तीन वर्षांची मुलगी धाराशिवला आजीकडं वाढत होती आणि हल्ली आई भेटायला गेली की आजीमागं लपत होती. गाव साक्षर झालं की तुमच्या बदलीची शिफारस करतो, असं साहेबांनी वर्ग सुरू होतानाच सगळ्यांदेखत सांगितलं होतं. खोटं कशाला बोला, बाईंनी हा वर्ग अंगावर घेतला तो बदलीसाठीच. दुसऱ्या महिन्यात मात्र घोटाळा झाला. वर्गातली शांताक्का माहेरी जायला निघाली आणि येडशी स्टेशनावर गावाच्या नावाची पाटी वाचत उभी राहिली. तिथली ती छोटी, रमतगमत चालणारी गाडी, जी सहसा कुणाची चुकत नाही, तिची चुकली. पाच कोस पायी परत येऊन ती थेट बाईंच्या दारात आली. "गाडी गेली, पर पाटी म्या वाचली," म्हणाली. तेव्हापासून शिकवण्याच्या नादात बाई वर्गात हजेरी घ्यायची विसरू लागल्या.

साहेबांनी पेन उघडलं.

"थांबा साहेब," महानंदाबाई म्हणाल्या. "हे वाचन नव्हे. त्यांनी सगळं पाठ केलंय."

कल्याणप्पा पुढं सरकले.

"बाई, साहेब पास म्हणत्यात. तुमाला काय करायचंय? रविवारी आख्खा तालुका येतोय गावात."

बाईंनी पाटी घेतली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'बांगडी' लिहिलं आणि मदिनाबीपुढं धरली. वीस वर्षं दारोदार बांगड्या भरणारी ती बाई त्या अक्षरांकडं नुसती बघत राहिली.

साहेबांनी पेन बंद केलं.

"दगा दिला बाई तुमी," मदिनाबी हळू आवाजात म्हणाली. "शेजारच्या रसूलच्या पोरीकडनं वाचून घेतलं आन् पंधरा दिस घोकलं. माझ्यासाठी न्हाय. तुमच्या लेकीसाठी. लेकरू आईला वळखंना, म्हून."

महानंदाबाईंना मुलीची इतकी आठवण आली की बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. पाटी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

"मदिनाबी, मी गेल्यावर तुम्ही काय वाचणार होता?"

"हेच पुस्तक."

"आणि कुणी दुसरं हातात दिलं तर?"

मदिनाबीच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि डोळे भरले होते. ती चिडली होती, आणि तिचं चिडणं खोटं नव्हतं.

"नियमाला माझा इलाज नाही," साहेब म्हणाले. "पुढची परीक्षा तीन महिन्यांनी. गौरव तेव्हा, आणि बाई, तुमच्या बदलीचंही तेव्हाच बघू." त्यांनी यादी पुढं सरकवली. "यांच्या नावापुढं नापास लिहितो. खाली अंगठा घ्या."

कल्याणप्पांनी शाईची डबी मदिनाबीपुढं आदळली. रविवारचा मंडप हुकल्याचा सगळा राग त्या डबीवर निघाला.

मदिनाबीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"अंगठा देनार न्हाय," ती म्हणाली. "सही करीन."

"येते का सही?" साहेबांनी विचारलं.

"आज न्हाय येत."

"मग?"

बाईंकडं न बघताच तिनं त्यांच्या हातातली पाटी ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"तीन महिन्यानं या, साहेब. तवर बाई हितंच हायत."