तोंडातला मणी

उत्तमराव मंगळवारी दुपारी वारले. पण ते तूर्त बाजूला ठेवू. सकाळचे दहा वाजलेत, उत्तमराव ओसरीत खाटेवर आहेत आणि चहात साखर कमी म्हणून कुरकुरताहेत. कोणीही वारलेलं नाही.

डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हटल्याला चार दिवस झाले होते. मुलगा भागवत बांबू बघायला गेला होता. लवकर गेलं की सरळ मिळतात.

"मणी काढला का?" उत्तमरावांनी सकाळपासून सातव्यांदा विचारलं.

मणी घराण्याचा. सोन्याचा, हरभऱ्याएवढा. घरातलं माणूस जायला लागलं की तो तोंडात ठेवायचा. इतर घरांत असं सोनं मेलेल्याबरोबर जातं. डोंगरकडा गावातल्या या घरात तिरडी उचलायच्या आधी ते काढून घेत आणि धुऊन पुढच्यासाठी ठेवत. सोनं तोंडात नसेल तर वर कोणी ओळख देत नाही, बाहेरच उभं राहावं लागतं, असा इथला समज. चौघं जण त्या मण्यावर गेले होते. शेवटची उत्तमरावांची आई, जनकाबाई.

बाळापूरच्या सोनाराने पूर्वीच हात जोडले होते. मेलेल्याच्या तोंडातली वस्तू त्याला दुकानात नको होती. म्हणून मणी कायम घरीच साफ व्हायचा. उत्तमरावांची बायको सखुबाई तो रिठ्याच्या पाण्यात बुडवून मऊ फडक्याने टिपत. आता त्यांचे हात कापत होते, त्यामुळे काम सुनेकडे आलं.

कोमलने मोबाईलवर व्हिडिओ लावला. चिंच, मीठ, दंतमंजन आणि जुना ब्रश. हे मिश्रण कुठल्याही प्रसंगाच्या दागिन्यांना चालतं, असं त्यातली बाई हसून सांगत होती.

"लई घासू नको, कोमल," ओसरीतून आवाज आला. "जुना हाय."

"न्हाई घासत, मामंजी," घासता घासता कोमल म्हणाली.

पाच मिनिटांनी मणी झगझगीत झाला. तिने तो सखुबाईंच्या तळहातावर ठेवला. सखुबाईंनी आधी मणी पाहिला, मग देवघरातली समई पाहिली. दोन्हींचा रंग एकच होता.

"आत्याबाई, समईकडं काहून पाहून राहिल्या?"

"जन्मभर समया घासल्या मी. सोनं चिंचेनं असं उजळत न्हाई, पोरी."

कोमलने ब्रश खाली ठेवला. "मी बिघडवला?"

"तू काय बिघडवतीस. पितळच हाय हे. वरचा मुलामा निघाला." सखुबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "त्यायला कळलं तर जीव अडकून राहील. आण हळद."

हळद लावल्यावर मणी जरा खानदानी दिसू लागला. तरी कोमलला राहवेना. ती खाटेजवळ गेली.

"मामंजी, मणी लई झिजलाय. माझ्या कानातलं ठेवू का? नवं हाय, चोख हाय."

"न्हाई." उत्तमराव चार दिवसांत एवढ्या जोरात बोलले नव्हते. "तोच पाहिजे."

दुपारी श्वास वर लागला. सखुबाईंनी डोळे मिटून मणी त्यांच्या जिभेवर ठेवला. उत्तमरावांनी तो या गालातून त्या गालात फिरवला.

"चिंच," ते म्हणाले. "हळद. मण्याची भाजी करून राहिल्या का दोघी?"

सखुबाईंनी हळदीचं बोट पदराला पुसलं.

"चिंचेनं घासला?" उत्तमरावांनी सुनेला विचारलं.

"व्हय, मामंजी," कोमल रडवेली झाली.

"मंग लखलखला असंल." त्यांनी सुनेकडे बराच वेळ पाहिलं. "बराबर हाय. तोच हाय."

आणि सुरुवातीला सांगितलं होतं ते झालं.

भागवतने उशी उचलली तेव्हा खाली पिशवीत आधार कार्डाबरोबर एक कागद निघाला. अक्षर उत्तमरावांचं. त्याने मोठ्याने वाचला:

"प्रति, मा. ग्रामसेवक साहेब. विषय : अंत्यविधी पुन्हा करण्याबाबत. महोदय, अर्जदाराने सन २००२ मध्ये घरातील सोन्याचा मणी मोडून रंगीत टीव्ही घेतला व जागी मुलाम्याचा पितळी मणी ठेवला. सदर टीव्हीवर अर्जदाराची आई जनकाबाई हिने सात वर्षे मालिका पाहिल्या व पोराचे कौतुक केले. सन २००९ मध्ये ती पितळ तोंडात घेऊन गेली, सबब ती अद्याप बाहेरच उभी असणार. तिला सोबत म्हणून अर्जदारही तोच मणी घेऊन जात असून निकाल लागेपर्यंत तिच्याजवळ थांबेल. तरी जनकाबाईचा अंत्यविधी खऱ्या सोन्यासह पुन्हा एकदा करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."