ताटलीतला बर्फ

लेहच्या आमच्या वसतिगृहात हिवाळी उजळणी चालू होती. बर्फ कसा वितळतो ते दाखवायला मी ताटलीत बर्फाचा खडा घेतला आणि ताटली खिडकीत उन्हाला ठेवली. फळ्याकडून वळून पाहते तर झंस्कारच्या यांगडोलने ती कुंडीतल्या मटारच्या रोपामागे सावलीत सरकवलेली. पुन्हा उन्हात ठेवली, पुन्हा तेच. “अगं, वितळू दे की!” “नको मॅडम. आबा मला इथे पोचवून गावी परत निघालेत, गोठलेल्या नदीवरून चालत. यंदा ऊन लवकर तापलंय.” “वेडाबाई!” शेजारची डिस्किट खिदळली. “ताटलीतला बर्फ वितळला म्हणून नदी वितळते होय?” यांगडोलचे डोळे भरून आले. रोपाची सावली पुरेना. ऊन ताटलीच्या कडेला टेकलं. मी काही बोलणार तोच डिस्किट उठली. अंगातला लोकरी कोट काढून तिने खिडकीच्या खिळ्याला अडकवला आणि कुडकुडत विचारलं, “मॅडम, कोट अपारदर्शक असतो ना?”